प्रबंधातून पेपर : दोन विद्यार्थ्यांबरोबरच्या कामाच्या नोंदी

१० जून

दोन विद्यार्थी. दोघांचे प्रबंध मान्य झालेले आणि दोघांनाही त्यातून जर्नलसाठी पेपर काढायचा आहे. एकीचे काम इमारतींच्या नळांतून येणाऱ्या पाण्यातल्या शिशावर. दुसऱ्याचे सर्वेक्षण दूरस्थ तासिका आणि विद्यार्थ्यांची एकाग्रता यांवर. पुढे 'नळाचा पेपर' आणि 'सर्वेक्षणाचा पेपर' एवढेच लिहीन. असे काम कुणी हाती घेणार असेल तर कुठे अडते, कुठे वेळ जातो आणि काय केल्यावर सुटते, हे त्याला आधी कळावे म्हणून या नोंदी ठेवते आहे.

दोघांनीही प्रबंधातले एकेक प्रकरण उचलून, मधली पाने गाळून आणले होते. ते वाचताना सारखे वाटत राहिले की हे अजून परीक्षकाशी बोलत आहेत. विषय किती वाचला, किती मोजमापे घेतली, कोणती पद्धत का निवडली, सगळे त्यात आहे. जर्नलच्या वाचकाला मात्र हवे असते ते असे की नवे काय कळले आणि ते कशावरून म्हणता.

म्हणून आज एकच काम दिले. प्रत्येकाने एक वाक्य लिहून आणायचे, आपला दावा. वाक्यापुढे तो ज्या तक्त्यावर किंवा आलेखावर उभा आहे त्याचा क्रमांक. क्रमांक देता येत नसेल तर वाक्य बदलायचे. तोवर पेपरचे एक पानही लिहायचे नाही.

१४ जून

नळाच्या पेपरचे वाक्य आले : 'जुन्या इमारतींच्या नळांतील पाण्यात नव्या इमारतींपेक्षा शिसे लक्षणीयरीत्या जास्त आढळते. तक्ता ४.' तक्त्यात नमुन्यांची संख्या ३६. मी विचारले, इमारती किती? १२. सहा जुन्या, सहा नव्या. मग ३६ कुठून आले? प्रत्येक बाटलीतले पाणी यंत्रावर तीनदा वाचले होते आणि तिन्ही वाचने तीन नमुने म्हणून धरली होती.

इथे आमची सगळी बैठक गेली, आणि जायलाच हवी होती. एकाच बाटलीची तीन वाचने यंत्र किती स्थिर आहे ते सांगतात. इमारती एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे त्यांतून कळत नाही. ते कळायला इमारतीच जास्त लागतात. तिन्हींची सरासरी घेऊन प्रत्येक इमारतीला एकच आकडा दिला आणि सांख्यिकीय चाचणी पुन्हा लावली, तर जुन्या-नव्यातला फरक संशयापलीकडे राहिला नाही. सहा जुन्या इमारतींत दोन इमारतींचे आकडे फार मोठे होते, उरलेल्या चार नव्यांसारख्याच.

ती बराच वेळ तक्त्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे पेपरच गेला ना?" प्रबंधाच्या परिशिष्टात काय काय आहे ते सगळे घेऊन ये, असे सांगितले.

१७ जून

परिशिष्टात खजिना निघाला. प्रत्येक इमारतीतून तिने दोन बाटल्या भरल्या होत्या. एक सकाळी नळ उघडल्याबरोबर, रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्याची. दुसरी पाच मिनिटे पाणी सोडून दिल्यानंतरची. दुसरी बाटली केवळ खबरदारी म्हणून घेतली होती आणि प्रबंधात तिच्यावर दोनच ओळी होत्या.

शिसे बहुतेक वेळा मूळ पाण्यातून येत नाही. जुने पाइप, सांधे जोडणारे डाग (सोल्डर) आणि पितळी तोट्या यांतून ते पाण्यात उतरते, आणि पाणी जितका वेळ साचून राहते तितके जास्त उतरते. म्हणून एकाच नळाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की तुलना त्याच इमारतीची त्याच इमारतीशी होते. इमारती एकमेकींहून कितीही वेगळ्या असल्या तरी तो फरक आड येत नाही. १२ इमारती इथे पुरेशा बोलक्या ठरतात, जुन्या-नव्याच्या तुलनेत त्या तशा नव्हत्या.

नवे वाक्य : 'साचलेल्या पाण्यात शिसे जास्त होते, नेहमीची तपासणी पाणी सोडून दिल्यावरचा नमुना घेते, त्यामुळे ते तिच्या नजरेतून सुटते.' पहिला अर्धा भाग जगाला माहीत आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठी पेपर लिहायचा.

२६ जून

नळाचा पेपर पुन्हा अडला. पाणी सोडून दिल्यानंतरच्या बऱ्याच बाटल्यांपुढे '०' लिहिलेले होते. यंत्राच्या शोधमर्यादेखालचे (यंत्राला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाखालचे) आकडे तिने शून्य धरून सरासरीत घातले होते. शोधमर्यादेखाली याचा अर्थ शिसे नाही असा होत नाही. ते असेल, नसेल, हे यंत्र सांगू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. शून्य धरले की दुसऱ्या बाटलीची सरासरी खाली जाते आणि फरक फुगतो, म्हणजे आकडे आपल्याच दाव्याच्या बाजूने झुकतात.

उपाय साधा निघाला. तक्त्यात शून्याच्या जागी 'शोधमर्यादेखाली' लिहिले आणि मर्यादा तक्त्याखालीच दिली. सरासरीऐवजी मध्यक घेतला. चाचणीसाठी फक्त दिशा पाहिली : प्रत्येक जोडीत पहिल्या बाटलीत शिसे जास्त की कमी? पहिली मर्यादेच्या वर आणि दुसरी खाली असेल तर दिशा नक्की कळते, नेमका आकडा लागतच नाही. दोन्ही खाली असलेल्या जोड्या चाचणीत धरल्या नाहीत, पण तक्त्यात त्या आहेत आणि किती आहेत तेही लिहिले आहे. दावा टिकला. आता तो कुणी ढकलून पाहिला तरी पडणार नाही, याची तिलाही खात्री वाटली.

५ जुलै

जर्नलची निवड. ही गोष्ट लेखन संपल्यावर करायची नाही, आत्ताच करायची, कारण शब्दमर्यादा, आकृत्यांची संख्या, वाचक कोण, सगळे त्यावर ठरते. पद्धत अशी ठेवली : आपल्या संदर्भसूचीत सर्वाधिक वेळा आलेली जर्नले काढायची, त्यांचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळायचे आणि आपल्यासारखा एक तरी पेपर तिथे छापला गेला आहे का ते पाहायचे.

दरम्यान सर्वेक्षणवाल्याच्या ईमेलवर आमंत्रणे येऊ लागली आहेत. 'आपले अमूल्य संशोधन', काही दिवसांत स्वीकृतीची हमी, आयएसएसएन असल्याची ग्वाही, कुणीही न ऐकलेला इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचा आकडा). त्याला एक आमंत्रण खरे वाटले होते. आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, नियतकालिक कोणते ते ओळखण्यापुरता. दर्जाशी त्याचा संबंध नाही. काही दिवसांत स्वीकृती देणाऱ्याने पेपर कुणाला वाचायला दिला, हा प्रश्न विचारला की बाकी काही विचारावे लागत नाही. त्याने 'थिंक चेक सबमिट'ची यादी एकेक करून तपासली (जर्नल विश्वासार्ह आहे का ते कसे तपासायचे, हे सांगणारी ही मोहीम २०१५ पासून आहे), डीओएजे या खुल्या जर्नलांच्या निर्देशिकेत नाव शोधले आणि संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानांवर जाऊन पाहिले. एकाच्याही पानावर या जर्नलचा उल्लेख नव्हता. तो विषय तिथेच मिटला. एक सावधगिरी आणखी : चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे काढलेली असतात. ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच जायचे नाही.

प्रकाशनशुल्काचाही आजच निकाल लावला. काही जर्नले लेखकाकडून पैसे घेतात, काही वाचकाकडून, आणि 'डायमंड' म्हणवणारी कुणाकडूनच घेत नाहीत. नळाच्या पेपरसाठी निवडलेले जर्नल शुल्क घेते, पण सवलत देते. नियमांत बारीक अक्षरांत होते की सवलत पेपर सादर करतानाच मागायची, स्वीकृतीनंतर विचार होणार नाही. अनेक प्रकाशकांचा हाच नियम असतो. विद्यार्थ्यांच्या हातात पैसे नसतात आणि हे वाक्य त्यांना उशिरा सापडते, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

२० जुलै

आकृत्या आणि तक्ते झाले. त्यांच्याभोवती निष्कर्षांचा भाग लिहून झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की विद्यार्थी जगातली सगळी माहिती गोळा करत बसतात. आकृतीपासून केली की जे दिसते तेच लिहितात.

८ ऑगस्ट

सर्वेक्षणाचा पेपर. चर्चेच्या भागात हे वाक्य होते : 'दूरस्थ तासिकांमुळे विद्यार्थ्यांची एकाग्रता घटली आहे.' आकडे खरे होते. ज्यांच्या दूरस्थ तासिका जास्त, त्यांनी प्रश्नावलीत एकाग्रतेचे गुण कमी दिले होते. पण प्रश्नावली एकदाच भरून घेतलेली. आधी काय घडले आणि नंतर काय, हे तिला माहीत नाही. ज्याला वर्गात बसणे आधीच जड जात होते, त्यानेच दूरस्थ तासिका निवडल्या असतील. नोकरी करून शिकणाऱ्यांना दूरस्थ तासिका घ्याव्या लागतात, आणि दमलेल्या माणसाची एकाग्रता तशीही कमीच असते. शिवाय एकाग्रता कुणी मोजली नव्हती, विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल सांगितली होती.

त्याला हे कळत होते, पण सोडवत नव्हते. त्याच्या मते वाक्य सौम्य केले की पेपरमध्ये उरते काय? आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि ओळीखाली प्रत्येक शब्दाचा पुरावा शोधत गेलो. 'दूरस्थ तासिका' : किती, ते विचारले आहे, ठीक. 'एकाग्रता' : स्वतः सांगितलेली, तसे लिहायला हवे. 'घटली' : आधीचा आकडा नाही, हा शब्द गेला. '-मुळे' : गेले. फळ्यावर उरले ते असे :

'ज्यांच्या दूरस्थ तासिका अधिक होत्या, त्यांनी आपली एकाग्रता कमी असल्याचे नोंदवले. नोकरीचे तास आणि इयत्ता लक्षात घेतल्यावरही हा संबंध टिकला.'

दुसरा अर्धा भाग पहिल्या मसुद्यात कुठेच नव्हता. नोकरीच्या तासांचा प्रश्न त्याने विचारला होता, उत्तरे होती, विश्लेषण मात्र केले नव्हते. सौम्य वाक्य सिद्ध करायला बसल्यावर ते करावे लागले, आणि पेपरमधला सर्वांत मोलाचा तक्ता त्यातून तयार झाला. शीर्षकातला 'परिणाम' काढून 'संबंध' केला.

मग त्याला उत्साह आला आणि त्याने वयोगट, शाखा, घरातली माणसे अशा सगळ्या फोडी करून पाहिल्या. एका गटात संबंध फार ठळक दिसला, तर तोच मुख्य निष्कर्ष करावा असे त्याचे म्हणणे. इतक्या फोडी केल्यावर एखादी ठळक दिसणारच, निव्वळ योगायोगानेसुद्धा. ती शोधायची असे आधी ठरलेले नव्हते. ठेवायची असेल तर 'पूर्वनियोजित नसलेले, पुढील अभ्यासासाठी' असे स्पष्ट म्हणून, आणि किती फोडी पाहिल्या ते सांगून. तसे ठेवले.

२३ ऑगस्ट

संदर्भसूचीचा दिवस. दोघेही झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे स्वल्पविराम आणि तिरके ठसे यांत वेळ गेला नाही. वेळ दुसऱ्याच गोष्टीत गेला. नळाच्या पेपरमधल्या एका संदर्भावर झोटेरोने लाल पट्टी दाखवली : हा पेपर मागे घेतला गेला आहे. रिट्रॅक्शन वॉच या २०१० पासून चालणाऱ्या उपक्रमाच्या नोंदींवरून ही सूचना येते. प्रस्तावनेचा एक परिच्छेद त्या संदर्भावर उभा होता. परिच्छेद काढला, पेपरचे काही बिघडले नाही, म्हणजे तो तिथे नुसता भरतीचा होता.

सर्वेक्षणाच्या सूचीत दोन डीओआय (पेपरचे कायमचे ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडेनात. शोधल्यावर कळले की त्या शीर्षकाचे पेपरच अस्तित्वात नाहीत. लेखक खरे, जर्नल खरे, पेपर मात्र कुणी लिहिलेलाच नाही. संदर्भ शोधताना त्याने एआय चॅटबॉटची मदत घेतली होती आणि ही नावे तिथून आली होती. त्याने सगळे संदर्भ एकेक उघडून, आपण जे विधान त्यांच्या नावावर टाकले आहे ते त्यांत खरोखर आहे का, हे तपासले. तिसऱ्या एका संदर्भात पेपर खरा होता, पण म्हणणे नेमके उलट निघाले.

एआयचा वापर लपवायचा नाही हेही ठरले. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती आणि प्रकाशनातल्या नीतीविषयी काम करणारी कोप ही संस्था, दोघांनीही २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरले असेल तर कशासाठी ते सांगायचे. आम्ही पद्धतीच्या भागात दोन ओळी लिहिल्या.

२ सप्टेंबर

लेखक कोण कोण? हा विषय पेपर पूर्ण झाल्यावर काढला की माणसे दुखावतात. आयसीएमजेईचे चार निकष समोर ठेवले : कामाच्या कल्पनेत, आराखड्यात, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात मजकुराच्या अंगाने महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम आवृत्तीला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हवेत. बाटल्या भरायला बरोबर गेलेल्या मैत्रिणीचे नाव आभारात गेले, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांचेही. तंत्रज्ञांना विचारले होते की मसुदा वाचून सुधारायला आवडेल का, म्हणजे निकष पूर्ण करण्याची संधी त्यांना मिळावी. त्यांनी नको म्हटले. ज्याचे नाव आभारात घालायचे त्याचीही परवानगी घेतली.

एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांचे नाव 'पद्धत म्हणून' घालावे असा आग्रह झाला. विद्यार्थिनीला नाही म्हणणे शक्य नव्हते, तिचे पुढचे सगळे त्यांच्या हातात. कोणी काय केले याचा क्रेडिट पद्धतीचा १४ भूमिकांचा तक्ता जर्नल मागतेच. तो भरून सर्वांना पाठवला आणि प्रत्येकाला आपापली भूमिका तपासायला सांगितली. त्या नावापुढे एकही भूमिका भरता येईना, आणि त्यांनी स्वतःच नाव काढायला सांगितले. विद्यार्थ्याने तोंडाने भांडण्यापेक्षा हा रिकामा रकाना पुढे करावा.

१६ सप्टेंबर

प्रस्तावना, मग गोषवारा, सर्वांत शेवटी शीर्षक. प्रस्तावना साडेचार पानांवरून दीड पानावर आली. प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारला : हा काढला तर आमच्या दाव्याची गरज वाचकाला कळेल का? कळत असेल तर परिच्छेद काढायचा. गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडून पाहिला. दोन आकडे जुन्या विश्लेषणातले, ३६ नमुन्यांच्या काळातले, तसेच राहून गेले होते. मसुदा बदलत जातो आणि गोषवारा मागे राहतो, हे फार ठिकाणी होते. अनेक जण तेवढाच भाग वाचतात, म्हणून तो शेवटी आणि तक्ते शेजारी उघडून लिहायचा.

२४ सप्टेंबर

दोन्ही पेपर सादर केले. अर्धा दिवस फक्त फाइलींत गेला. लेखकाचे नाव समीक्षकाला कळू नये असा नियम असेल तर नाव पहिल्या पानावरून काढून भागत नाही. ते फाइलच्या गुणधर्मांत असते, आभारांत असते, 'आमच्या आधीच्या अभ्यासात' या शब्दांत असते. ओळींना क्रमांक घातले. आकृत्यांचे रिझोल्यूशन जर्नलने मागितलेल्या ३०० डीपीआयवर नव्याने काढले, जुने चित्र मोठे करून चालत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची स्ट्रोब ही तपासयादी (२००७ ची) सर्वेक्षणाच्या पेपरला लावली, तर प्रश्नावली किती जणांना पाठवली आणि किती भरून आल्या, हेच कुठे नव्हते. ते घातले. नीतिसमितीच्या मंजुरीचा क्रमांक त्याच्याकडे होता हे बरे झाले. ती मंजुरी काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते, मागाहून मिळत नाही.

शेवटी त्याने विचारले, दोन जर्नलांना एकदम पाठवू का, म्हणजे वेळ वाचेल? नाही. एका वेळी एकच. दोन संपादकांनी एकाच पेपरसाठी समीक्षक बसवले आणि ते उघड झाले, तर दोन्हीकडून पेपर परत येतो आणि नाव लक्षात राहते.

३० सप्टेंबर

सर्वेक्षणाचा पेपर समीक्षकांकडे न जाताच परत आला. संपादकांचे उत्तर दोन ओळींचे : आम्ही प्रत्यक्ष उपाययोजना करून पाहिलेले अभ्यासच घेतो. जुने अंक चाळले होते, सर्वेक्षणे दिसली होती, पण ती सगळी एका विशेषांकातली होती. तो खचला. मी त्याला उत्तर पुन्हा वाचायला लावले. कामाबद्दल त्यात एक अक्षरही वाईट नाही. 'जर्नलची व्याप्ती' हे पान शब्दन् शब्द वाचायचे, आणि शंका असेल तर संपादकांना गोषवारा पाठवून आधी विचारायचे, असे आता आमच्या यादीत गेले आहे. पुढच्या जर्नलची संदर्भपद्धती आणि शब्दमर्यादा वेगळी, त्यामुळे पुन्हा जुळवाजुळव. पंधरवड्यात पाठवला.

१६ जानेवारी

नळाच्या पेपरवर दोन समीक्षणे आली. निर्णय : मोठ्या सुधारणा. तिला वाटले नकार आला. हे पत्र कसे वाचायचे ते विद्यार्थ्यांना कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मोठ्या सुधारणा म्हणजे संपादकांना पेपर पुन्हा पाहायचा आहे. नकार असता तर पुन्हा पाठवा असे ते म्हणाले नसते.

पत्र आले त्या दिवशी काही लिहायचे नाही असे ठरवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या सूचना कापून एका तक्त्यात घातल्या. तीन रकाने : समीक्षकाचे म्हणणे जसेच्या तसे, आमचे उत्तर, पेपरमध्ये काय बदलले आणि कोणत्या ओळीत. एकही सूचना गाळायची नाही, टंकनदोषाचीसुद्धा.

पहिल्या समीक्षकाचा मुख्य मुद्दा : पाणी किती तास साचले होते, याची नोंद आहे का? नव्हती. 'रात्रभर' एवढेच. तिचा पहिला मसुदा असा होता की अशा अभ्यासांत हे साधारणपणे नोंदवत नाहीत. मी विचारले, हे खरे आहे का? नाही. मग उत्तर असे झाले : 'नेमके तास नोंदवलेले नाहीत. त्यामुळे साचण्याचा काळ आणि शिशाचे प्रमाण यांच्या नात्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. तसे सूचित करणारे वाक्य काढले आहे (ओळ २१४) आणि ही मर्यादा नोंदवली आहे (ओळ २६०).' मुख्य दाव्याला यामुळे धक्का लागत नाही, कारण तो दोन बाटल्यांमधल्या दिशेवर उभा आहे. हे तिने स्वतः ओळखले आणि उत्तरात लिहिले.

दुसऱ्या समीक्षकाने जुन्या-नव्या इमारतींची तुलना का केली नाही असे विचारले. जून महिन्यात आम्ही सोडून दिलेला दावाच त्याने मागितला! इथे ठामपणे, पण आदराने नाही म्हणायचे होते. सहा आणि सहा इमारतींत ती तुलना का टिकत नाही ते चार ओळींत मांडले आणि इमारतनिहाय सगळे आकडे पुरवणीत दिले, म्हणजे ज्याला पाहायचे त्याला पाहता येतील. समीक्षकाचे प्रत्येक म्हणणे मान्य करावे लागते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. मान्य करावे किंवा कारण द्यावे. कारण तक्त्यात दाखवता आले पाहिजे.

त्याच समीक्षकाने एकाच लेखकाचे पाच पेपर संदर्भात घालायला सांगितले होते. ते वाचले. एक खरोखर उपयोगी होता, तो घेतला. बाकीच्या चारांचा विषयाशी संबंध दिसला नाही, तसे संपादकांना वेगळ्या पत्रात कळवले. संपादकांचे उत्तर लगेच आले : तुमचा निर्णय योग्य आहे.

९ फेब्रुवारी

सुधारित पेपर पाठवला. उत्तरांचा तक्ता पेपरपेक्षा थोडाच लहान झाला. तिचे लेखन या तीन आठवड्यांत जेवढे सुधारले, तेवढे आधीच्या काही महिन्यांत सुधारले नव्हते. आता एखादे वाक्य लिहिण्याआधी ती स्वतःच विचारते, हे कोणत्या तक्त्यात आहे?

२१ मार्च

पेपर स्वीकारला गेला. सवलत सादर करतानाच मागितली होती, ती मंजूर झाली. स्वीकृत मसुदा आणि कच्चे आकडे झेनोडोवर ठेवायचे ठरले. सर्न या संस्थेत चालणारे हे भांडार प्रत्येक ठेवीला डीओआय देते. आकड्यांबरोबर शोधमर्यादा आणि रकान्यांचे अर्थ सांगणारी साधी मजकुराची फाइलही ठेवली, नाहीतर वर्षभराने तिलाच त्या आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

४ एप्रिल

प्रूफ आले. ४८ तासांत परत करा, असे पत्रात. प्रूफ एकट्याने वाचायचे नाही : एकाने मूळ मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचे. ती वाचत होती, सर्वेक्षणवाला बोट ठेवून होता. तक्ता २ च्या मथळ्यावर तो थांबला. मसुद्यात लिटरमागे मायक्रोग्रॅम, प्रूफमध्ये मिलिग्रॅम. अक्षरजुळणीत मायक्रोचे चिन्ह बदलून इंग्रजी एम झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे पाण्यातल्या शिशासाठीचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तसेच छापले गेले असते तर आमचे सगळे आकडे हजारपट झाले असते, आणि तेही पेपरमधल्या सर्वांत महत्त्वाच्या तक्त्यात. सगळ्या तक्त्यांत, आकृत्यांच्या अक्षांवर आणि गोषवाऱ्यात ते चिन्ह शोधले. आणखी दोन ठिकाणी सापडले. दुरुस्त्यांची यादी ओळक्रमांकांसह पाठवली आणि नवे प्रूफ मागितले. नव्या प्रूफमध्ये चिन्ह बरोबर आहे.

सर्वेक्षणाचा पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये अजून समीक्षकांकडे आहे. संपादकांना चौकशीचे छोटे पत्र गेले, एका समीक्षकाचे मत यायचे आहे असे उत्तर आले. त्याने उत्तरांचा तीन रकान्यांचा तक्ता आधीच करून ठेवला आहे.